ढोलकी खुंटीवरून काढण्याचा हक्क

गौरी-गणपतीच्या दिवसांत पोलादपूर आणि महाड तालुक्यांतल्या वाड्यावाड्यांवर रात्री उशिरापर्यंत ढोलकी वाजत असते. घराच्या खळ्यात किंवा देवळासमोर माणसे रिंगण धरतात. प्रत्येकाच्या पायात चाळ बांधलेले असतात. रिंगणाच्या मध्ये शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला आणि मागे झील धरणारे बसलेले असतात. या नाचाला कोणी जाखडी म्हणतात, कोणी बाल्या नाच म्हणतात, आणि दोन पक्षांचा सामना असला म्हणजे तो शक्ती-तुरा होतो. शक्तीवाले आदिशक्तीचे श्रेष्ठत्व मांडणार, तुरेवाले शिवाचे. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचे. उत्तर सुचले नाही तर वाडीत वर्षभर तोंड दाखवायची सोय राहत नाही. या रिंगणात नाचणारा गडी बहुधा चाकरमानी असतो. आठ-दहा दिवसांची रजा पदरात पाडून तो मुंबईहून आलेला असतो, आणि विसर्जन आटोपताच त्याला पुन्हा आपल्या पाळीवर रुजू व्हायचे असते.

वर्षभर राबलेल्या माणसाने मिळालेल्या चार रात्री झोपून काढाव्यात, हे कोणासही सहज पटेल. तो मात्र झोपत नाही. उलट, मुंबईत असतानाच महिना-दीड महिना तो तालमी करीत असतो. दमलेल्या देहाला आणखी दमवणारा हा उद्योग त्याला ताजे कसे करतो, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. श्रम, विश्रांती आणि माणूसपण यांच्या परस्परसंबंधाचा तो प्रश्न आहे, आणि म्हणून समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याने त्याच्याकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

पोलादपूर हा डोंगराळ मुलूख. सावित्रीच्या खोऱ्यात भाताची खाचरे, वरच्या उतारावर नाचणी आणि वरी, आणि पावसाळा सरला की उन्हाळ्यात पाण्याची वणवण. आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला जावे किंवा कशेडी ओलांडून खेडकडे जावे, पण पोटासाठी मात्र मुंबईच गाठावी, असा येथल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम राहिला. रत्नागिरी, कुलाबा आणि सातारा या जिल्ह्यांनी गिरणगावाला जी माणसे पुरवली, त्यांत महाड-पोलादपूरचाही मोठा वाटा होता. लालबाग-परळच्या चाळींतून एकेका गावाने एकेक खोली धरली. त्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसांच्या वळकट्या आणि पत्र्याच्या पेट्या असत. एक पाळी कामावर गेली की तिच्या जागेवर दुसरी पाळी झोपे. जेवण खानावळीत. अशा ठिकाणी माणसाच्या मालकीची म्हणून एक चौरस फूट जागाही नव्हती. पण त्या खोलीच्या खुंटीवर ढोलकी होती आणि कोनाड्यात झांजा होत्या.

या ढोलकीला खुंटीवरून खाली काढण्याइतका वेळ कामगाराला मिळावा, यासाठी किती वर्षे झगडावे लागले, याचा आज विसर पडला आहे. मुंबईत कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली. आरंभीच्या काळात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि आठवड्याची ठरलेली सुटी नाही, अशी स्थिती होती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी ही प्रमुख होती. ती मान्य व्हायला १८९० साल उजाडले. विजेचे दिवे गिरण्यांत आले तेव्हा कामगाराचा काळोखही गेला, कारण दिवस मावळला तरी यंत्र थांबण्याचे कारण उरले नाही. कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांचा दिवस १९११ साली बारा तासांवर आणला, १९२२ साली अकरा तासांवर आणि आठवड्याला साठ तासांवर, १९३४ साली दहा आणि चौपन्न तासांवर, तर १९४६ साली नऊ आणि अठ्ठेचाळीस तासांवर. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने हीच अखेरची मर्यादा कायम केली. बारा तासांचे नऊ तास व्हायला पस्तीस वर्षे लागली. त्या प्रत्येक तासामागे संप आहेत, टाळेबंदी आहे, उपासमार आहे.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत फुरसत ही एक 'वस्तू' मानली जाते. मजुरीचा दर वाढला तर कामगार अधिक काम करील की अधिक फुरसत घेईल, याचे आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घेतले जातात. या आलेखांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की किती तास राबायचे हे कामगार स्वतः ठरवतो. पोलादपूरच्या माणसाला असे काही ठरवता आले, असे एकही दशक दाखवता येणार नाही. दुसरे असे की, विश्रांती आणि फुरसत या दोन गोष्टी त्या आलेखांत एकच धरल्या जातात. वस्तुतः त्यांत मूलभूत फरक आहे. विश्रांती ही उद्याच्या पाळीसाठी असते. झोपलेला, जेवलेला कामगार मालकालाही हवाच असतो, कारण यंत्राला तेल द्यावे तशी ती गरज आहे. फुरसतीत माणूस जे करतो, त्याची मालकाला गरज नसते. जाखडीचे पद रचल्याने मागावर एक वारही कापड अधिक निघत नाही. म्हणूनच तो वेळ कामगाराचा स्वतःचा असतो. मार्क्सने 'भांडवला'च्या तिसऱ्या खंडात स्वातंत्र्याचे क्षेत्र हे गरजेपोटी करावयाच्या श्रमाच्या पलीकडे सुरू होते असे म्हटले, आणि त्याची मूलभूत अट म्हणून कामाचा दिवस कमी होण्याकडे बोट दाखवले, ते याच अर्थाने.

गिरणीत माणूस कापडाचा एक तुकडाही 'माझा' म्हणू शकत नाही. वेग यंत्राचा, भोंगा मालकाचा, नक्षी दुसऱ्या कोणाची. तालमीत त्याच माणसाला लय स्वतः धरावी लागते, शब्द स्वतः शोधावा लागतो, चूक झाली तर ती स्वतःची असते आणि वाहवा झाली तर तीही स्वतःचीच असते. त्याची पारख करणारे लोक त्याच्याच बरोबरीचे असतात. शक्ती-तुऱ्याच्या शाहिराला पुराणे ठाऊक असावी लागतात. अनेकांनी ती ऐकून ऐकून पाठ केली, कित्येकांनी तेवढ्यासाठी अक्षरओळख करून घेतली. ज्या माणसाला गिरणीत केवळ तिकीट नंबराने ओळखत, त्याला चाळीच्या पटांगणात लोक 'शाहीर' म्हणून हाक मारीत. दिवसभर हिरावून घेतलेली ओळख रात्री दोन तासांत परत मिळवण्याचा हा व्यवहार होता. छंद माणसाला ताजे करतो, तो या कारणाने. तेथे श्रम असतात, कधी कधी नोकरीपेक्षा अधिक असतात, पण ते श्रम आपले असतात.

याच गिरणगावाने मराठी साहित्याला आणि लोककलेला काय दिले, हे सर्वज्ञात आहे. गिरणीत आणि पडेल त्या कामात उमेदीची वर्षे घालवलेले अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक घेऊन उभे राहिले. गिरणी कामगाराने वाढवलेले नारायण सुर्वे शिपाईगिरी आणि मास्तरकी करता करता कवी झाले आणि १९६२ साली त्यांचा पहिला संग्रह निघाला. वामनदादा कर्डकांनी मजुरी करीत भीमगीते रचली. यांपैकी कोणालाही लेखनासाठी वेगळा वेळ कोणी काढून दिला नव्हता. कामाच्या आणि झोपेच्या मधल्या फटीत त्यांनी तो शोधला. परंतु त्यावरून 'ज्याच्यात गुण असतो तो कसाही वर येतो' असा निष्कर्ष काढणे क्रूरपणाचे होईल. त्या फटीत जे मावले ते आपल्याला दिसते. जे मावले नाही, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता कार्यकर्त्याकडे वळले पाहिजे. चळवळीत वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाच्या मनात छंदाविषयी एक अपराधी भावना असते. मोर्चा उद्यावर आला आहे, पत्रके वाटायची आहेत, धरणग्रस्तांचे शिष्टमंडळ तहसीलदाराकडे न्यायचे आहे, आणि अशा वेळी पेटी घेऊन बसायचे म्हणजे चैनच, असे त्याला वाटते. ही भावना प्रामाणिक आहे आणि तिची थट्टा करू नये. ज्याच्या शेजारी भुकेले मूल आहे त्याला सूर लावताना संकोच वाटावा, यात त्याच्या माणुसकीचाच पुरावा आहे. तरीही हा युक्तिवाद अपुरा आहे. भाकरी आणि गाणे यांत निवड करण्याची वेळ गरिबावर येते ती व्यवस्थेने आणलेली असते. ती निवडच चळवळीने तत्त्व म्हणून स्वीकारली, तर व्यवस्थेचाच हिशेब तिने मान्य केल्यासारखे होते. पोलादपूरच्या चाकरमान्याने हा हिशेब कधीच मान्य केला नाही. त्याने मनीऑर्डरही धाडली आणि ढोलकीही मढवून घेतली.

महाडच्या इतिहासातलेच उदाहरण घ्यावे. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन ज्यांनी या भूमीवर मानवी समतेचा हक्क बजावला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दिनक्रमात रिकामा तास शोधणे कठीण. असे असताना उत्तरायुष्यात, प्रकृती खालावलेली असताना, त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले. चित्रकलेचीही त्यांना ओढ होती. या विद्येत ते निपुण झाले किंवा नाही, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. ज्याच्या शब्दाकडे लाखो लोक डोळे लावून बसले होते, असा माणूस नवशिक्या विद्यार्थ्यासारखा सूर जुळवत बसला, यात मोठा अर्थ आहे. जेथे आपण नेते नसतो, तज्ज्ञ नसतो, जेथे चुकण्याची मुभा असते, अशी एक जागा प्रत्येक माणसाला लागते. रवींद्रनाथांनी साठी उलटल्यावर गंभीरपणे चित्रे काढायला सुरुवात केली आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. अहमदनगरच्या किल्ल्यात बंदी असताना पंडित नेहरू फुलझाडांची बाग करीत होते. कार्यबाहुल्य हे छंद न जोपासण्याचे कारण असू शकत नाही, हे या मंडळींनी आपल्या वागण्याने दाखवले.

समाजवादी परंपरेला तर हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापटांसारखा कवी होता, पु. ल. देशपांड्यांनी त्या पथकासाठी लोकनाट्य लिहिले, आणि त्याच पथकात निळू फुले व राम नगरकर घडले. निळूभाऊ दिवसा पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करीत आणि संध्याकाळी तालमीला येत. राम नगरकर परंपरागत केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबातले. आपल्याला पुढे नट व्हायचे आहे, असा हिशेब मांडून ही मुले तेथे आली नव्हती. सेवा दलाने त्यांना एक संध्याकाळ दिली, एवढेच. त्या काळच्या शाखांत बौद्धिक होते, कवायत होती, तशीच गाणीही होती. पुढे चळवळ निवडणुकांच्या आणि फाटाफुटीच्या रगाड्यात सापडली तेव्हा बौद्धिके उरली, ठराव उरले, आणि गाणी मात्र आटत गेली. कार्यकर्ते लवकर कडवट का होतात, चाळिशी उलटताच घरी का बसतात, याची कारणे शोधताना राजकीय विश्लेषणे पुष्कळ झाली आहेत. त्यांना भरवणारे असे काही चळवळीने ठेवलेच नव्हते, हे कारण मात्र फारसे विचारात घेतले गेले नाही.

पण हा सगळा विचार पुरुषांपुरताच करून चालणार नाही. जाखडीच्या रिंगणात परंपरेने पुरुषच नाचतात. त्यांची रात्रीची तालीम चालू असताना गावाकडे शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि पाण्याचा हंडा कोणाच्या डोक्यावर होता? चाकरमान्याच्या छंदाचा अर्धा खर्च त्याच्या घरच्या बाईने भरला आहे. तिची निर्मिती कामाच्या बाहेर नव्हतीच, ती कामातच गुंफलेली होती. जात्यावर ओवी होती, लावणीच्या वेळी गाणे होते, आणि गौरी आणल्यावर एक-दोन रात्री फेर आणि फुगड्या होत्या. पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. परंतु वाचलेला वेळ तिच्या वाट्याला आला नाही, ओवी मात्र गेली. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८. दररोजचा तीन तासांहून अधिक असा हा फरक आहे. घरातल्या पुरुषाची तालीम आणि कार्यकर्त्याची बैठक या दोन्ही गोष्टी याच तीन तासांवर उभ्या असतात. फुरसतीच्या समान वाटणीचा प्रश्न घराच्या उंबरठ्याआत सुरू होतो, हे समाजवाद्यांनी आधी स्वतःच्या घरी मान्य केले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाने कामगारांचा घास हिरावला, तसे गिरणगावाचे सांस्कृतिक जीवनही उधळले. एकेक गिरणी बंद होत गेली, तिच्या जागी मनोरे उठले, गावांच्या खोल्या विकल्या गेल्या. माणसे नालासोपारा, विरार, दिवा, पनवेलकडे पांगली. पूर्वी पाळी सुटल्यावर दहा मिनिटांत तालमीला पोहोचणारा माणूस आता दीड-दोन तास लोकलमध्ये लोंबकळतो. महाडजवळ रासायनिक उद्योगांची वसाहत उभी राहिली, तेथे पोलादपूरच्या तरुणांना काम मिळते, पण त्यांतले पुष्कळसे कंत्राटदाराच्या हाताखालचे. गावी परतण्याचे भाग्य मिळाले, तरी संध्याकाळ परत मिळाली, असे म्हणता येत नाही.

अशा वेळी कामाचे तास वाढवण्याची भाषा पुन्हा सुरू झाली आहे. २०२३ साली एका नामवंत उद्योगपतीने तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे सुचवले. २०२५ च्या आरंभी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने नव्वद तासांची अपेक्षा बोलून दाखवली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम आहे, आणि जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे सांगितले जाते. कागदावर त्याचा अर्थ चार दिवस काम आणि तीन दिवस सुटी असा निघू शकतो, आणि तो तसा प्रत्यक्षात उतरला तर कोणाचीच तक्रार असणार नाही. पण ज्या कंत्राटी कामगाराला उद्याच्या पाळीची शाश्वती नाही, त्याची 'संमती' म्हणजे काय, हे कारखान्याच्या फाटकावर उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साधा हिशेब करावा. आठ तास काम, दोन तास प्रवास, आठ तास झोप म्हटले, तर दिवसाचे सहा तास उरतात. त्यांत जेवण, घर, मुले, आणि कधीमधी तालीम बसते. कामाचे तास बारा झाले, तर उरतात दोन. दोन तासांत माणूस जेवतो, अंघोळ करतो, आणि मोबाईलच्या पडद्यावर दुसऱ्याने केलेला नाच पाहत झोपी जातो. १९११ साली कायद्याने जो बारा तासांचा दिवस ठरवला, तोच शतकानंतर 'सुधारणा' म्हणून परत येतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९३० साली केन्सने असे भाकीत केले होते की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि उरलेल्या वेळेचे करायचे काय, हीच त्याची अडचण असेल. ती मुदत संपत आली आहे. उत्पादकता केन्सने कल्पिली त्याप्रमाणे वाढली. वेळ मात्र कामगाराला मिळाला नाही, तो नफ्यात जमा झाला.

येथे मोबाईलला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. थकलेला माणूस तयार मनोरंजनाकडे वळतो, कारण स्वतः काही घडवण्याइतके त्राण त्याच्यात उरलेले नसते. तयार मनोरंजन वेळ घालवते. छंद वेळ घेतो आणि काही परत देतो. तो जे देतो ते एकट्यालाच मिळते असेही नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही बळी गेले. अशा वेळी वाडीला पहिला आधार वाडीचाच असतो. शासकीय यंत्रणा पोहोचायच्या आधी एकमेकांना हाक मारणारी माणसे लागतात. ज्यांनी वर्षानुवर्षे एका रिंगणात पाऊल मिळवलेले असते, त्यांना अशा वेळी हाक मारायला ओळख करून घ्यावी लागत नाही. सहकार हा शब्द पतपेढीच्या पाटीवर असतो, त्याचा सराव मात्र तालमीत होतो.

तेव्हा करावयाचे काय? बारा तासांच्या दिवसाला विरोध करताना मजुरीच्या दराइतकाच संध्याकाळच्या हक्काचा मुद्दा कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घालावा. तालुका कार्यालये आठवड्यातून एक संध्याकाळ बैठकीविना उघडी राहावीत. तेथे पेटी असावी, ढोलकी असावी, रंग असावेत, पुस्तके असावीत, आणि त्या संध्याकाळी कोणत्याही ठरावाची चर्चा होऊ नये. त्या संध्याकाळी घरची मुले आणि चूल पुरुष कार्यकर्त्यांनी सांभाळावी, म्हणजे स्त्रियांनाही तेथे येता येईल. यासाठी अनुदान लागत नाही, वरिष्ठांची परवानगी लागत नाही.

पोलादपुरात 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे, आणि तेथून काही मैलांवर उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. लढणाऱ्याची आणि रचणाऱ्याची स्मृती या मुलुखाने अशी शेजारी-शेजारी जपली आहे. ढोलकी वाजवणारे हात लढ्याला निरुपयोगी होतात, असे येथल्या चाकरमान्याला कधी वाटले नाही. यंदाही भाद्रपदात तो रजेचा अर्ज करील, आणि यंदाही मुकादम त्याला विचारील की गावी असे काय अडले आहे. त्याला रजा मिळावी, आणि तालमीला संध्याकाळ मिळावी, यासाठी जे लढायचे ते आपल्याला लढायचे आहे.